सत्तावन्न नंबरचा हात

माझं मनगट कोणी धरलेलं मला आजही चालत नाही. बांगड्या भरायला बसले की मी आधीच सांगते, दादा, पंजा धरा, बोटं दाबा, पण मनगटाला हात लावू नका. तो माणूस बिचारा माझ्याकडे बघत राहतो. लग्नात नवऱ्याने चुकून मनगट धरलं, तर मी असा हिसडा दिला की माझ्या आत्येसासूने त्याचा भलताच अर्थ काढला आणि तो वर्षभर पुरवला. तिला काय सांगणार? की बाई, मी नवऱ्याला नाही, बारावीतल्या आमच्या आरोग्याच्या बाईंना घाबरते म्हणून?

पण खरं तेच आहे.

अकरावी-बारावीला ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ नावाचा एक विषय असायचा. असायचा म्हणजे वेळापत्रकात असायचा. त्याचे मार्क टक्केवारीत धरत नसत, नुसती श्रेणी मिळायची, त्यामुळे त्याला कोणी हिंग लावून विचारत नसे. दुसऱ्या कॉलेजातली मुलं मैदानाला दोन फेऱ्या मारायची आणि श्रेणी घेऊन घरी जायची. आमचं कॉलेज वसई पूर्वेला, नव्यानेच उभं राहिलेलं. तिसऱ्या मजल्याच्या जिन्याला अजून कठडासुद्धा बसला नव्हता. तिथे हा विषय शिकवायला बाई आल्या आणि आमचं नशीब फुटलं.

बाई बुटक्या, काटक. कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. हातातलं घड्याळ पुरुषी, आणि त्याची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. आधी त्या नर्स होत्या म्हणे, जव्हारकडच्या कुठल्याशा खेड्यात. विरारला एकट्या राहायच्या. ‘मॅडम’ म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. “मॅडम दुकानात असतात, मी बाई आहे,” म्हणायच्या. लग्नाकार्याला गेल्या तरी पाणी स्वतःच्या बाटलीतलं, उकळलेलं. कोणी चहा दिला तर आधी कप नाकाशी धरायचा, मग ठरवायचं प्यायचा की नाही. समोरच्याला काय वाटेल याची त्यांना काडीची पर्वा नव्हती.

वर्गात आल्या की नमस्ते नाही, हजेरी नाही. फळ्यासमोर उभ्या राहून म्हणायच्या, “नाडीवर बोट.” एवढं म्हटलं की आम्ही नव्वद जणांनी आपापल्या मनगटावर तीन बोटं ठेवायची आणि पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. बाहेर पाण्याच्या टँकरचा हॉर्न वाजतोय, खाली बांधकामावर खडी ओततायत, आणि वर्गात चिडीचूप. सतराव्या वर्षी असं आपलंच रक्त मोजत बसायचं म्हणजे काय, ते ज्याने केलं नाही त्याला नाही कळायचं. पहिल्या दहा ठोक्यांपर्यंत हसू येतं. तिसाव्याला वाटायला लागतं, हे मध्येच थांबलं तर? मला तर पन्नासाव्या ठोक्याला हमखास घाम फुटायचा. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, अभ्यास कर, म्हणजे असलं काही सुचणार नाही.

एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने धीर करून विचारलं, “बाई, पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर काय बिघडतं? उत्तर तेच येतं ना.”

बाई घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करायला लागल्या. मग म्हणाल्या, “मी एकदा गुणलं होतं.”

आणि फळ्याकडे वळून त्यांनी धडा सुरू केला. कोणाची नाडी, कुठे, मग पुढे काय झालं, विचारायला कोणी धजलं नाही. तो मुलगा मान खाली घालून बसला. त्या दिवसापासून वर्गात कोणी गुणाकार केला नाही, निदान त्यांच्यासमोर तरी.

बाईंची खरी दहशत वर्गाबाहेर होती. रस्त्यात भेटल्या की विचारपूस करता करता तुमचं मनगट कधी त्यांच्या हातात गेलं, ते कळायचं नाही. शिपाई, रिक्षावाला, भाजीवाली, कोणी सुटलं नाही. होळी नाक्यावरच्या बाजारात सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, विकायला बसणारी एक म्हातारी तर बाई लांबून दिसल्या की दोन्ही हात पदरात ओढून घ्यायची. “त्या मास्तरनीला हात दावायचा नाय,” ती आईला सांगत होती, “तिनं धरला का मानूस दवाखान्यात गेलाच.” आई हसली, पण घरी येताना तिने मला दोनदा विचारलं की बाईंनी तुझा हात धरला होता का आणि काय म्हणाल्या.

आमच्या प्राचार्यांनाही त्यांनी सोडलं नाही. मी अकरावीत असताना सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, जिलेब्यांची पुडकी वाटणं सुरू झालं. प्राचार्य बाईंना पुडकं द्यायला गेले, तर बाईंनी पुडक्याऐवजी त्यांचं मनगटच धरलं. अख्ख्या मैदानासमोर मिनिटभर उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “सर, जिलेबी खाऊ नका. उद्या रजा घ्या आणि छाती दाखवून या.” पोरं फिदीफिदी हसली. सर लालबुंद झाले. ते डॉक्टरकडे गेले की नाही देव जाणे, पण त्यानंतर बाई एका जिन्याने आल्या की सर दुसऱ्या जिन्याने उतरायचे. बाईंवर त्यांनी तेव्हाच खुन्नस धरली असावी.

आमच्या बिल्डिंगवर तर त्या न बोलावता आल्या होत्या. आम्ही नुकतेच दादरहून एव्हरशाईन सिटीत राहायला आलेलो, पाणी दिवसाआड टँकरचं. वर्गात चार मुलींना एकाच आठवड्यात जुलाब झाले, चौघीही आमच्याच बिल्डिंगच्या. बाई थेट गच्चीवर गेल्या, साडी खोचून टाकीवर चढल्या, झाकण काढलं आणि आतून मेलेलं कबूतर काढून सेक्रेटरीच्या दारात वर्तमानपत्रावर ठेवलं. माझे बाबा म्हणाले, ही बाई बरोबर आहे, पण आपल्या घरी पुन्हा यायला नको. मला त्यांचं म्हणणं तंतोतंत पटलं.

मला त्यांची सर्वांत जास्त भीती वाटायची ती एका वाक्यामुळे. नाडी बघताना त्या समोरच्याच्या तोंडाकडे कधी बघत नसत, नजर घड्याळावर. कोणीतरी कारण विचारलं, तर म्हणाल्या, “चेहरा घरच्यांनी शिकवून तयार केलेला असतो. नाडीला कोणी शिकवत नाही.” झालं. वर्गात समज पसरला की बाईंनी हात धरला की खोटं कळतं. आता बारावीतल्या कोणत्या मुलीचं काही ना काही खोटं नसतं?

माझं होतं. आणि ते माझं एकटीचं नव्हतं.

रंजना माझी मैत्रीण. जूचंद्र गावची. वडील मिठागरावर कामाला. तिच्या थोरल्या बहिणीच्या हातावर पांढरा डाग दिसला, तेव्हा ठरलेलं लग्न मोडलं होतं, आणि ती बहीण चार वर्षं घरात बसून होती. त्यामुळे दुखणंखुपणं कोणाला सांगायचं नाही, हे त्या घरात लहान पोरालाही माहीत. रंजूला बारावी करून डी.एड.ला जायचं होतं, शिक्षिका व्हायचं होतं. तिचे वडील कबूल झाले होते, पण त्यांची अट होती. मधेच काही निघालं, नापास झाली किंवा आजारी पडली, तर शाळा बंद आणि पहिलं येईल त्या स्थळाला द्यायची. एवढी साधी गोष्ट होती.

बाईंनी त्या वर्षी ‘आरोग्य वही’ काढली. साठ दिवस रोज स्वतःची नाडी मोजून लिहायची, बसलेली, वीस उठाबशा काढून आणि मग तीन मिनिटांनी. शेजारी झोप किती, पाणी किती, आणि शौचाला किती वेळा, तोही रकाना. तो रकाना बघून मुलं महिनाभर हसत होती.

आता जर्नल म्हणजे एकाने लिहायचं आणि बाकीच्यांनी उतरवायचं, हा आमचा धर्म. फिजिक्सची प्रॅक्टिकलं तशीच, केमिस्ट्रीची तशीच. माझं अक्षर सुरेख, म्हणून मी वर्गाची लेखनिक. मैत्रिणींच्या वह्या मीच भरून द्यायचे. साठ दिवसांच्या नाड्या मी दोन बैठकींत पाडल्या. बाई हुशार आहेत, सगळे आकडे चारच्या पाढ्यातले आले तर पकडतील, म्हणून मध्ये मध्ये पंच्याहत्तर, एकोणऐंशी असे विषम आकडेही टाकले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

रंजू मात्र वेडी, तिने खरोखर मोजलं होतं. तिने कच्ची वही माझ्यासमोर ठेवली. एकशे सोळा. एकशे बावीस. एकशे अठरा. उठाबशांनंतर एकशे साठच्या पुढे, आणि तिथेही बऱ्याच ठिकाणी रकाना कोरा.

“हे काय?” मी म्हटलं.

“वीस नाय होत मना. आठ-धा झाल्या का दम लागतो.”

“अगं, तुला मोजताच येत नाही. एकेक ठोका दोनदा मोजतेस तू.”

“तसं आसंल,” ती म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला की विचारू नका. तिलाही तेच ऐकायचं होतं. “मग तू नीट करून लिव ना.”

मी लिहिलं. चौऱ्याहत्तर, शहात्तर, अठ्ठ्याहत्तर. उठाबशांनंतर शंभर. एका संध्याकाळी मी रंजूला धडधाकट करून टाकलं. बाईंनी वह्या तपासल्या आणि सत्तावन्न नंबरची, म्हणजे रंजूची, वही वर्गात दाखवली. “ही बघा, एक दिवस चुकलेला नाही.” रंजू लाजली. मी मनात म्हटलं, जिंकलो.

पण बाई असं सहजासहजी सोडणाऱ्या नव्हेत. जानेवारीत त्यांनी जाहीर केलं की शुक्रवारी त्या स्वतः प्रत्येकाची नाडी मोजणार आणि वहीशी ताडून बघणार. माझी पाचावर धारण बसली. माझी नाडी आणि माझ्या वहीतली नाडी साधारण जुळली असती. रंजूची कशी जुळणार? आणि तिच्या वहीत अक्षर कोणाचं? माझं. आज वय झालंय, खोटं कशाला बोलू, मला त्या वेळी रंजूपेक्षा माझीच भीती जास्त वाटत होती. बाई प्राचार्यांकडे नेतील, घरी चिठ्ठी जाईल, बाबा काय म्हणतील, एवढंच डोक्यात.

तोड मीच काढली. हजेरीला आम्ही एकमेकींची प्रॉक्सी लावायचोच. ‘हजर’ म्हणताना आवाज बदलायचा, झालं. मग नाडीची प्रॉक्सी का नाही? बाई तर तोंडाकडे बघतच नाहीत.

रंजू म्हणाली, “नको गं. पापे ते.”

मी म्हटलं, “मग तूच जा आणि दाखव हात.”



शुक्रवारी बाईंनी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात चादर बांधून आडोसा केला होता. एकीची नाडी दुसरीला ऐकू जाऊ नये, असा त्यांचा नियम. आत एक टेबल, नोंदवही, बाईंची खाली घातलेली मान. एकेकीने आत जायचं, नंबर सांगायचा, हात पुढे करायचा. माझा नंबर तेवीस. मी गेले, बाईंची बोटं मनगटावर टेकली. कोरडी, गार बोटं. मिनिट संपलं. “ब्याऐंशी. जा.” मी बाहेर आले आणि रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभी राहिले. पुढच्या दोघींना माहीत होतं, त्या ओढणीत तोंड खुपसून हसत होत्या. रंजू वाचनालयात जाऊन बसली होती.

“सत्तावन्न,” मी आवाज जरा जाड करून म्हटलं आणि हात पुढे केला.

ते मिनिट मी अजून विसरलेले नाही. कानात नुसते घण पडत होते. वाटलं, बाईंना मोजायची गरजच नाही, चादरीबाहेरसुद्धा ऐकू जात असेल. बाईंची मान खालीच. मिनिट झालं तरी त्यांनी हात सोडला नाही. अर्धं मिनिट तसाच धरून ठेवला असेल.

“एकशे आठ,” त्या म्हणाल्या आणि पेन्सिलीने लिहिलं. मग वर न बघताच विचारलं, “एवढी कशाला घाबरलीस?”

त्यांनी हात सोडला. मी बाहेर येऊन घटाघटा पाणी प्यायले.

शनिवारी तास संपताना बाई म्हणाल्या, “कोणाला मला काही सांगायचं असेल, तर मी पाच वाजेपर्यंत स्टाफरूममध्ये आहे.” असं त्या पूर्वी कधी म्हणाल्या नव्हत्या. पण मी स्वतःला समजावलं, बाई आहेत, म्हणतात काहीही.

त्याच दुपारी रंजू आणि मी डबा खात होतो. तिने दोन घास खाऊन डबा मिटला. डोळ्यांखाली काळं झालेलं. मी म्हटलं, झोपत नाहीस का? ती म्हणाली, “आडवी झाली का दम कोंडतो. हल्ली भिंतीला टेकून बसूनच झोपते. आईला सांगितलं, उकडतं म्हनून.” जानेवारी महिना होता.

माझ्या हातातली पोळी हातातच राहिली. कारण हे वाक्य मी लिहून घेतलेलं होतं. बाईंनीच सांगितलेलं, माझ्याच सुरेख अक्षरात माझ्याच वहीत होतं, की आडवं झाल्यावर दम लागतो आणि उठून बसलं की बरं वाटतं, असं कोणी म्हणालं, तर त्याला घरी पाठवू नका, दवाखान्यात न्या.

मी रंजूला म्हटलं, आपण बाईंना सांगू. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच घाबरले. “तू कोनाला सांगितलंस ना, तर मी परत बोलनार नाय. परीक्षा होऊ दे. फक्त परीक्षा होऊ दे, मग मीच जाते डॉक्टरकडं. शपथ.” लहानपणी गुडघे सुजायचे, ताप यायचा, तेव्हाही आपोआप बरं झालं होतं, तसं हेही होईल, असं ती म्हणत राहिली. तिचा हात मी हातात घेतला होता, पण नाडीवर बोट ठेवायची माझी हिंमत झाली नाही.

पावणेपाचला मी स्टाफरूमच्या दारापर्यंत गेले. बाई एकट्याच होत्या, समोर बाटली, दाराकडे तोंड करून बसलेल्या. मी खांबाआड उभी राहिले. आत जायचं म्हणजे वही सांगायची, प्रॉक्सी सांगायची, सगळंच सांगायचं. पाच वाजले. बाई उठल्या, पंखा बंद केला. मी जिन्याने पळत खाली आले. रविवारी मी दिवसभर देवासमोर बसून होते, आईला वाटलं परीक्षेसाठी.

सोमवारी बाई तासाला तेच वाक्य पुन्हा म्हणाल्या. आणि पुढच्या तासाला प्रयोगशाळेकडे जाताना रंजू तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात खाली बसली. बसली ती उठेना. ओठ निळे, श्वासाला घरघर, तोंडातून फेस येतो तशी गुलाबी थुंकी. मुली किंचाळायला लागल्या. कोणीतरी तिला आडवी करायला लागलं, तेवढ्यात बाई वरून धावत आल्या. “आडवी करू नका. बसवा. पाय खाली सोडा. बाजूला व्हा सगळे.”

रिक्षात मधे रंजू, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बाई. बाईंची तीन बोटं तिच्या मनगटावर. दवाखाना पश्चिमेला आणि रेल्वेचं फाटक पडलेलं. आयुष्यात मी एवढा वेळ कशाचीच वाट बघितली नाही. मालगाडी संपता संपेना. रंजूचं डोकं माझ्या खांद्यावर, प्रत्येक श्वासाला तिचं अख्खं अंग उचललं जायचं, आणि दोन श्वासांच्या मध्ये मला वाटायचं, आता पुढचा येणार नाही. मी मोठमोठ्याने रडत होते. बाई पुटपुटत मोजत होत्या. मग मोजणं थांबवून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “हिचा हात मी आज पहिल्यांदा धरतेय.”

माझं रडणं जागच्या जागी थांबलं.

दवाखान्याच्या बाकावर त्यांनी स्वतःहूनच सांगितलं. “शुक्रवारी तेवीस नंबरचा हात आला, आणि सत्तावन्न नंबरचाही तोच आला. अंगठ्याखाली शाईचा तोच डाग. मला तेव्हाच कळलं.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?” हे मी विचारलं. कोणत्या तोंडाने विचारलं, माहीत नाही.

“तू येशील म्हणून थांबले.” त्यांनी डोळे मिटले. “मी शुक्रवारीच तिच्या घरी जायला हवं होतं. नंतर शिकवता आलं असतं तुला. मला आधी तुला शिकवायचं होतं.”

त्या स्वतःच्याच मनगटावर तीन बोटं ठेवून बसल्या होत्या. आमच्या बाईंना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि माझा उरलासुरला धीरही गेला.

रंजू वाचली. हे सांगायला उशीर केला, पण तेव्हा आम्हालाही ते उशिराच कळलं. हृदयाची झडप लहानपणच्या त्या तापातच आवळून गेली होती. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात ती उघडली. पुढे कित्येक वर्षं तिला दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन घ्यावं लागलं. कॉलेजात मात्र ती परत आली नाही. डी.एड. राहिलं ते राहिलंच. तिला जी भीती होती, ती अक्षरशः खरी झाली. आजही ती भेटते, आम्ही मुलांबद्दल बोलतो, मासळीच्या भावाबद्दल बोलतो. त्या वहीचा विषय दोघीही काढत नाही.

आठवड्याने तिचे वडील कॉलेजात आले. मला प्राचार्यांच्या खोलीत बोलावणं आलं, रंजूची जवळची मैत्रीण म्हणून. टेबलावर दोन वस्तू. एक रंजूची आरोग्य वही, माझ्या अक्षरातली. दुसरी बाईंची नोंदवही. बाई खुर्चीवर न बसता उभ्या होत्या. वडील आरडाओरडा करतील असं मला वाटलं होतं. ते अगदी हळू आवाजात बोलत होते.

“मना शिकल्यासवरल्याचं काय कलत नाय,” ते म्हणाले. “डॉक्टर बोलला, नाडी बघितली आसती तं कवाच कललं आसतं. ह्यांनी तं बघितली. हितं लिवलंय एकशे आठ. मंग आमाला सांगितलं का नाय?”

प्राचार्य बाईंकडे वळले. “हा आकडा तुम्हीच लिहिलाय?”

“हो.”

“शुक्रवारी एकशे आठ मोजलेत. सोमवारी मुलगी पडली. मधले तीन दिवस तुम्ही काय करत होतात?”

“थांबले होते.”

“कशासाठी?”

एक वाक्य पुरलं असतं. तो हात त्या मुलीचा नव्हता, एवढं एकच. ते वाक्य बाईंच्या ओठांवर येईल म्हणून मी दाराला धरून उभी होते. बाई वडिलांना म्हणाल्या, “माझं चुकलं. तुमच्या मुलीची नाडी मी बघायला हवी होती, ती बघितली नाही.”

“म्हणजे आकडा मनानेच लिहिलात?” प्राचार्य म्हणाले. त्यांना हेच हवं होतं, हे त्यांच्या आवाजात कळत होतं. बाईंनी नोंदवही उचलून मिटली. मग प्राचार्यांनी ती सुरेख अक्षरातली वही उघडली, दोन पानं चाळली आणि माझ्याकडे बघितलं.

“तू तिच्या शेजारी बसतेस ना? तुला यातलं काही माहीत आहे?”

रंजूचे वडील माझ्याकडे बघत होते. प्राचार्य बघत होते. फक्त बाई माझ्याकडे बघत नव्हत्या.

“नाही सर,” मी म्हटलं.

बाईंनी नोंदवही टेबलावरच ठेवली, पिशवी उचलली आणि माझ्या अंगावरून दाराबाहेर गेल्या. जिन्यावरून त्यांच्या बुटांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. दुसऱ्या दिवसापासून त्या कॉलेजात आल्या नाहीत, आणि आमच्या आरोग्याच्या तासाला कोणी नाडी मोजायला सांगितली नाही. त्यांच्या बुटांचा आवाज थांबला, तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं.